तुडुम वाजला

ग्रंथालयात दोन प्रकारची माणसं असतात, पुस्तकं वाचणारी आणि पुस्तकं मोजणारी. पुष्पांजली कापगते दुसऱ्या प्रकारातली. गोंदियाच्या एका महाविद्यालयात ती ग्रंथपाल होती, घर मुर्रीला, आणि गेली काही वर्षं नोकरी सांभाळून पीएचडी करत होती. विषय ग्रंथमिती. म्हणजे काय, हे तिला लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, सगळीकडे समजावून सांगावं लागे. कोणता अभ्यासक कोणाचा दाखला देतो, किती वेळा देतो, कोणतं पुस्तक प्रत्येकाच्या संदर्भसूचीत जाऊन बसतं आणि कोणतं कपाटात कुजतं, याची ही मोजदाद. ऐकणारा मान डोलवायचा आणि विचारायचा, मग त्या पुस्तकात लिहिलंय काय? ते मात्र तिच्या विषयात येत नव्हतं.

मोजायला तिने आपलीच झाडीपट्टी घेतली होती. इथल्या चालीरीती, गाणी, खेळ, तलाव यांवर मराठीत जे जे प्रबंध आणि पुस्तकं झाली, त्यांच्या संदर्भसूच्या तिने एकेक करून संगणकात भरल्या. संगणक बिचारा इंग्रजी नावांना सरावलेला. ‘डोंगरवार यादोराव’ हा एक माणूस, ‘यादोराव डोंगरवार’ हा दुसरा आणि ‘डोंगरवार गुरुजी’ हा तिसरा, असा त्याचा समज. पहिल्यांदा हिशेब लावला तेव्हा त्याने सांगितलं की या प्रदेशातला सर्वांत मान्यवर लेखक ‘तत्रैव’ नावाचा कोणी गृहस्थ आहे, आणि त्याच्या खालोखाल ‘उपरोक्त’. ‘तत्रैव’ म्हणजे ‘वरच्याच ठिकाणी’, हे संगणकाला कोण सांगणार? तिचे मार्गदर्शक डॉ. ओमेश्वर राहांगडाले त्या दिवशी इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं.

मग तिने सगळी नावं हाताने दुरुस्त केली, एका माणसाची तीन-तीन रूपं एकत्र केली, आणि पुन्हा हिशेब लावला. या वेळी सगळ्यात वर जे नाव आलं ते पाहून ती खुर्ची मागे सरकवून उभीच राहिली. यादोराव डोंगरवार, एकतीस उल्लेख. हे तिचे वडील.

यादोराव म्हणजे केशोरीचे निवृत्त गुरुजी. जन्मभर पोरांना बाराखडी आणि बेरीज शिकवली. आयुष्यात त्यांनी एकच लेख लिहिला, तोही कॉलेजात शिकत असताना, गोंदियाच्या कॉलेजच्या वार्षिकांकात. नाव ‘आमच्या गावचे तळे’. त्या लेखाची गोष्ट घरात सगळ्यांनी ऐकली होती, लेख कोणीच वाचला नव्हता, कारण गुरुजींची प्रत कोणीतरी वाचायला नेली ती परत आलीच नाही. पुष्पांजलीच्या लहानपणी पाहुणे आले की बाबा लेखाचा विषय काढत आणि आई चहा ठेवायला आत जाई. तो लेख आता मोठमोठ्या प्रबंधांतून सगळ्यांना मागे टाकून पहिला आला होता. तिने लगेच फोन लावला. आकडा सांगितला. मग बाबांनी विचारलं, "एकतीस म्हंजे कोन कोन?"

तिने नावं वाचून दाखवली. प्रत्येक नावाला बाबा नुसतं ‘हां’ म्हणत होते. तिला फार बरं वाटलं. मोजण्याच्या कामातून कोणाला आनंद झाल्याचं तिने त्याआधी पाहिलं नव्हतं.

गुरुजींच्या पोटात गोष्ट राहती तर ते गुरुजी कसले? दोन दिवसांत केशोरीत, प्रतापगडच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना कळलं. गावच्या वाचनालयाचा सचिव इंद्रकुमार हा उत्साही तरुण. ऑक्टोबरात वाचन दिनाचा कार्यक्रम होताच, त्याने गुरुजींचा सत्कार ठरवला आणि फलक छापून टाकला. फलकावर गुरुजींचा टोपीतला फोटो आणि शेजारी एवढा मोठा आकडा, ३१. फलकाचा फोटो त्याने पुष्पांजलीलाही पाठवला. तिने तो नवऱ्याला दाखवला, ग्रंथालयातल्या सगळ्यांना दाखवला, आणि मग कामाला लागली. कारण तिला आता एक प्रश्न पडला होता. बाबांचा लेख तळ्यावरचा, आणि दाखला देणारे कोणी लोकसंगीतावर लिहिणारे, कोणी दंडारीच्या खेळावर, कोणी सणांवर. तळ्याच्या लेखाशी त्यांचं काय काम?

एवढी वर्षं ती फक्त शेवटच्या सूच्या उघडत आली होती. आता पहिल्यांदाच तिने आतली पानं उघडली, जिथे जिथे बाबांचं नाव होतं ती ती जागा. आणि वाचता वाचता तिच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या.

सगळ्यांत जुना दाखला पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या एका प्राध्यापकांचा. त्यांनी बाबांचं वाक्य अवतरणात दिलं होतं: ‘तुडुम वाजला म्हणजे गाव गोळा होत असे.’ आणि खाली लिहिलं होतं, यावरून तुडुम हे गाव जमवण्याचे एखादे वाद्य असावे. पृष्ठ ४१. पुढच्याने ‘असावे’ काढून ‘आहे’ केलं. त्याच्या पुढच्याने ते चर्मवाद्य केलं. मग कोणीतरी त्याला बकऱ्याचं कातडं चढवलं. मग तळं खोदताना कोहळी समाजातले वडीलधारे तुडुम वाजवत, असा विधी निघाला. एका प्रबंधात तर तुडुमाचा रंगीत फोटोही होता, चांगला दणकट ढोल, एका म्हाताऱ्याच्या गळ्यात अडकवलेला. आणि प्रत्येकाच्या तळटीपेत तेच, डोंगरवार, पृष्ठ ४१. पेशवाईत म्हणे ‘ध’चा ‘मा’ झाला होता. इथे कोणाला एक अक्षरही बदलावं लागलं नव्हतं.

पुष्पांजली कोहळ्याची पोर. तिच्या पूर्वजांनी तळी बांधली, आणि तुडुम म्हणजे काय हे कोहळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. तळ्याच्या पाळीखालून, म्हणजे बांधाखालून, पाणी सोडायचं जे तोंड असतं, लाकडी डट्ट्याने बंद केलेलं, ते तुडुम. लहानपणी त्यात हात घातला म्हणून तिने आईची चापट खाल्ली होती. मग बाबांसारख्या माणसाने तुडुमाला ढोल म्हणावं? हे कसं शक्य आहे? एखाद्या सोनाराने ऐरणीला पितळी ताट म्हणण्यासारखं ते होतं.

राहांगडाले सरांना तिने हे सगळं दाखवलं तेव्हा ते खूश झाले. "मॅडम, आपके थीसिस का दिल यही है," ते म्हणाले. चूक कुठे जन्मली आणि एकतीस घरं कशी फिरली, याचं झाड काढा, बुंध्यापाशी मूळ लेखकाचं नाव ठळक टाका, असा त्यांचा सल्ला. मूळ लेखक कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं, तिचं माहेरचं आडनाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिला सांगायचं होतं. पण ती ‘हो सर’ म्हणून घरी आली.

त्याच संध्याकाळी इंद्रकुमारचा फोन. त्याने मोबाइलवर शोधून शोधून गुरुजींची कीर्ती वाचली होती, आणि तो भारावला होता. आमच्या गुरुजींनी हरवलेलं वाद्य शोधून काढलं आणि गावाला पत्ता नाही! त्याने देवरीकडून तुडुम वाजवणारी मंडळी बोलावली होती. रविवारी गुरुजी मंचावर चढतील तेव्हा तुडुम वाजणार. गावच्या मोठ्या तळ्याला आता लोखंडी चाकाचं गेट आहे, इंद्रकुमारच्या वयाची पोरं गेटच म्हणतात, त्यांना तुडुम ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण समोर बसणारे म्हातारे? त्यांच्या देखत, कोहळ्याच्या गुरुजींच्या नावाने तुडुम म्हणून ढोल वाजला असता तर मेल्यावरही लोकांनी त्यांना ढोलगुरुजी म्हटलं असतं. झाडीपट्टीत एकदा ठेवलेलं नाव पुसत नाही. हा आकडा तर पुष्पांजलीनेच काढला होता आणि तिनेच कळवला होता.

बाबांना विचारण्याआधी तिला लेख स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. लेख मिळेना. तिने विद्यापीठाला विचारलं, भंडाऱ्याला विचारलं, साकोलीला विचारलं. दाखला देणाऱ्यांपैकी जेवढ्यांचे फोन लागले त्यांनाही विचारलं. एकाने सांगितलं की त्याने तो दुसऱ्याच्या प्रबंधातून घेतला. दुसऱ्याने तिसऱ्याचं नाव सांगितलं. तिसरा म्हणाला, तसा सर्वमान्यच संदर्भ आहे तो. फोटो छापणारी रिंकी नावाची मुलगी तेवढी मोकळी बोलली. लेख तिनेही पाहिला नव्हता, पण ढोल पाहिला होता. देवरीकडच्या एका गोंड वस्तीत जाऊन तिने विचारलं होतं, तुमच्याकडे तुडुम आहे का? म्हाताऱ्याने आत जाऊन आणून दाखवला. गोंडीत ढोलाला तुडुमच म्हणतात. तिने खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

पुष्पांजलीने फोन ठेवला. गोंडांचा तुडुम खरा, कोहळ्यांचा तुडुम खरा. एका गावाचा शब्द घेऊन दुसऱ्या गावात गेलं की त्या गावाची वस्तू मिळते, आणि पुरावा म्हणून तिचा फोटोही काढता येतो. या गोष्टीचं तिला इतकं नवल वाटलं की क्षणभर रविवारचा विसर पडला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. वार्षिकांकांना दाखल क्रमांक देत नाहीत, त्यामुळे ते सूचीत नसतात, आणि सूचीत नाही ते ग्रंथालयात नाही अशी पुष्पांजलीची पक्की समजूत. बाबा शिकले ते हेच कॉलेज. शुक्रवारी दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने माळ्यावरचे जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे खाली काढायला लावले, आणि तिसऱ्या गठ्ठ्यात वार्षिकांक सापडला. वाळवीने एक कोपरा खाल्लेला, बाकी धडधाकट. सगळा अंक छत्तीस पानांचा. पृष्ठ ४१ त्यात नव्हतंच. लेख चौदाव्या पानावर होता. पहिल्या प्राध्यापकांच्या हातून १४ चे ४१ झाले, आणि पुढच्या सगळ्यांनी ते न बघता उतरवून घेतले.

ती तिथेच, धुळीत, स्टुलावर बसून वाचू लागली. बाबांचं मराठी एकदम शुद्ध, वयाला न शोभणारं, ‘असे’ आणि ‘नसे’ यांनी भरलेलं. तळं कोणी बांधलं, पाळीवर कोणती झाडं, कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आधी पाणी. आणि मग ते वाक्य. पूर्ण वाक्य असं होतं: ‘तुडुम वाजला म्हणजे गाव गोळा होत असे, आणि शेवटच्या बांधीत पाणी पोचेपर्यंत कोणी घरी जात नसे.’ एवढंच. ढोल नाही, कातडं नाही. तुडुम म्हणजे काय, हेही नाही, कारण पोळपाट म्हणजे काय हे कोणी लिहीत नाही. डट्टा काढला की तुडुमात पाणी शिरताना आवाज होतो आणि गावचे लोक म्हणतात, तुडुम वाजला. सगळा लेख बाबांनी शुद्ध लिहिला होता. एक क्रियापद तेवढं गावचं राहून गेलं होतं.

तिला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. बाबा चुकले नव्हते. पण मग लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. त्या एकतिसांतल्या तिसांनी बाबांचा लेख उघडलाच नव्हता. त्यांनी मान दिला तो बाबांनी न लिहिलेल्या गोष्टीला. आणि ती स्वतः? आपल्या बापाचा एकुलता एक लेख तिने आज पहिल्यांदा वाचला, तोही मोजून झाल्यावर.

शनिवारी सकाळी बल्लारशाहची गाडी धरून ती अर्जुनीला उतरली आणि तिथून काळीपिवळी जीपने केशोरीला. दोन्ही बाजूंना उशिरा पिकणारा भारी धान लोंबीला आला होता आणि शेवटच्या पाण्याची वाट पाहत होता. घरी बाबा पांढरा सदरा इस्त्री करवून भाषण पाठ करत होते. आई, जमुनाबाई, ओसरीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. तिने मुलीकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "काऊन तोंड उतरलं तुहं?"

पुष्पांजलीने पिशवीतून वार्षिकांक काढून बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा बदलला. मुखपृष्ठावरून हात फिरवला, वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्यावरूनही फिरवला. मग चौदावं पान त्यांनी न शोधता उघडलं आणि ओठ हलवत वाचत राहिले. संपलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिला वाटलं, आता काही सांगूच नये, उद्याचा दिवस जाऊ द्यावा. पण उद्याच तर ढोल येणार होता. तिने एका दमात सगळं सांगितलं. पहिले प्राध्यापक, ‘असावे’चं ‘आहे’, बकऱ्याचं कातडं, फोटो, आणि उद्या मंचावर काय वाजणार ते.

"ढोल?" जमुनाबाईंच्या हातातल्या शेंगा परातीत पडल्या. "आपल्या तुडुमाले ढोल?" आणि त्या जे हसू लागल्या ते पदर तोंडाला लावूनही थांबेना. बाबा हसले नाहीत. त्यांनी अंक मिटला, मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"मंग त्याईनं वाचलाच नाई?"

"नाही, बाबा."

"गावाले सांगून बसलो ना मी," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की आईचं हसणं आपोआप थांबलं. पुष्पांजलीला भयंकर वाटलं. आपण आणलेला आनंद आपणच काढून नेतो आहोत, आणि त्याबदली हातावर ठेवायला आपल्याकडे काही नाही, असं तिला वाटलं. ती माफी मागू लागली. बाबांनी ती ऐकून घेतली नाही. ते उठले, काठी घेतली, अंक काखेत मारला आणि म्हणाले, चल.

शेतातली बोडी घरापासून फार लांब नाही. बोडी म्हणजे घरचं लहान तळं, डोंगरवारांच्या आजोबांनी बांधलेलं. गावच्या तळ्याचा तुडुम गेला, तिथे गेट आलं. पण बोडीचा तुडुम अजून तोच होता. पाळीवर पोचल्यावर त्यांनी तिला खाली उतरायला लावलं आणि डट्टा काढायला सांगितला. लाकूड पाण्याने फुगलेलं, निघेना. तिने साडी खोचली, दोन्ही पाय रोवले आणि हिसका दिला. डट्टा हातात आला. आधी काहीच नाही. मग आत कुठेतरी, पाळीच्या पोटात, पाण्याने हवा गिळली. तुडुम. थोडं थांबून पुन्हा, तुडुम, तुडुम. तिच्या तळपायांना माती हलल्यासारखी वाटली. पलीकडच्या बांधीत काम करणाऱ्या एका बाईने मान वर केली आणि फावडं घेऊन पाटाकडे चालू लागली. तिच्यामागून आणखी एक माणूस आला. कोणी हाक मारली नव्हती.

"वाजून रायला का नाई?" बाबांनी वरून विचारलं.

"वाजून रायला," ती म्हणाली. शहरात राहून विसरलेली बोली तिच्या तोंडातून अशी सहज निघाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

ती वर आली तेव्हा बाबा पाळीवर बसले होते. पाणी पाटातून पुढे जात होतं. त्यांनी काही वेळ ते पाहिलं आणि मग विचारलं की खोटे सगळे खोडले तर आता आपला खरा आकडा किती. तिला सवयीने उत्तर तयार होतं. "ज्यांनी पान उघडून वाचलं असे दोनच," ती म्हणाली. "एक ते पहिले प्राध्यापक. आणि एक मी, काल."

बाबांनी विचार केला. त्या प्राध्यापकाने वाचलं खरं, पण समजून घेतलं नाही, कोणाला विचारलंही नाही. उत्तर चुकलं, पण पेपर स्वतः लिहिला. आणि एक चूक आपलीही, तुडुम म्हणजे काय ते आपण लिहायला पाहिजे होतं. असं सगळं तोलून चाळीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाने निकाल दिला.

"त्याले अर्धा मार्क दे."

"म्हणजे दीड," पुष्पांजली म्हणाली.

"दीड," बाबा म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

रविवारी गुरुजी मंचावर चढले तेव्हा फलकावरच्या ३१ वर त्यांनी पांढरा कागद चिकटवून घेतला होता आणि त्यावर शाळेतल्या अक्षरात लिहिलं होतं, १॥. इंद्रकुमारच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. गुरुजींनी पाठ केलेलं भाषण केलं नाही. काय झालं ते त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आपल्याला आधी किती आनंद झाला होता तेही सांगितलं. ढोलाची गोष्ट आली तिथे म्हातारे लोक जमुनाबाईंसारखेच हसले, पण ते गुरुजींना हसत नव्हते, गुरुजींसोबत हसत होते. मग त्यांनी देवरीकडच्या मंडळींना पुढे बोलावलं. हा गोंडांचा तुडुम, याचं नाव खरं आहे, याचं काम वेगळं आहे, असं म्हणून त्यांनी तो मनसोक्त वाजवायला लावला. त्यानंतर ज्यांना दुसरा तुडुम ऐकायचा आहे त्यांनी माझ्यामागे या, असं सांगून ते मंचावरून उतरले. अर्धं गाव बोडीवर गेलं, ढोल गळ्यात तसेच ठेवून देवरीची मंडळीही गेली. डट्टा काढायचा मान इंद्रकुमारला मिळाला आणि तो पाण्यात पडला.

संध्याकाळी पुष्पांजलीने राहांगडाले सरांना फोन करून मूळ लेखकाशी आपलं नातं सांगितलं, आणि झाडाच्या बुंध्यापाशी आता वेगळं लिहावं लागेल हेही. नुसते उल्लेख मोजून चालणार नाही, ‘मूळ उघडून पाहिले’ असा एक रकाना वाढवावा लागेल, आणि मग सगळी मोजणी पुन्हा. सरांनी विचारलं, कितना टाइम लगेगा? ती म्हणाली, वाचायला जेवढा लागतो तेवढा. तिला त्याचं ओझं वाटलं नाही. उलट घरी जाऊन पहिलं पुस्तक कोणतं उघडावं, याचाच ती विचार करत होती.

जेवणं झाल्यावर ती आवराआवर करत होती. बाबा ओसरीत बसले होते, अंक शेजारी होता. जमुनाबाई हात पुसत आल्या आणि त्यांच्यासमोर बसल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. एवढी वर्षं लेखाचा विषय निघाला की त्या चहा ठेवायला जात.

"वाचून दाखवा मले," त्या म्हणाल्या.

बाबांनी बायकोकडे पाहिलं, चष्मा बदलला आणि चौदावं पान उघडलं. पुष्पांजली दारात थांबली. बाबा एकेक शब्द सुटा करून वाचत होते, वर्गात वाचत तसं. ‘तुडुम वाजला’ आलं तिथे जमुनाबाईंनी मान हलवली, त्यात समजावण्यासारखं काय होतं? पुढे शेवटच्या बांधीची गोष्ट आली. माझ्या माहेरचीच होती ना ती बांधी, असं त्यांनी मध्येच विचारलं, आणि बाबांनी वाचणं थांबवून हो म्हटलं. लेख संपला.

"आता किती झाले?" जमुनाबाईंनी विचारलं.

"अडीच," यादोराव म्हणाले.